बारा आणे सरकारचे, चार आणे गावचे

चर्चगेट स्टेशनजवळच्या बी रोडवर सिडनहॅम कॉलेज आहे. तिथे वाणिज्य शिकायला जाणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांना हा सिडनहॅम कोण होता ते ठाऊक असतं. ज्यांना ठाऊक असतं ते सांगतात, टिळकांना मंडालेला धाडलं तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर. माहिती खरी आहे. जॉर्ज सिडनहॅम क्लार्क १९०७ ते १९१३ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता आणि १९०८ चा राजद्रोहाचा खटला त्याच्याच कारकिर्दीत चालला. पण मायदेशी परतल्यावर, लॉर्ड ही पदवी मिळाल्यावर, त्याने आणखी एक काम केलं आणि त्याचा परिणाम इंग्लंडमध्ये आजही टिकून आहे. १९१३ च्या नोव्हेंबरात एका शाही आयोगाचं अध्यक्षपद त्याच्याकडे आलं. आयोगाचा विषय होता गुप्तरोग.

या आयोगाच्या अहवालातून जी व्यवस्था उभी राहिली, तिचं सार आपल्या जुन्या हिशेबात सांगता येतं. गावोगावच्या कौन्सिलांनी गुप्तरोगांवर मोफत उपचार करणारी केंद्रं काढायची, आणि खर्चाच्या दर रुपयामागे बारा आणे लंडनच्या सरकारने द्यायचे, चार आणे गावाने आपल्या घरपट्टीतून. पुढच्या शंभर वर्षांत ही वाटणी मोडली, पुन्हा जुळली, पुन्हा मोडली. लैंगिक आरोग्याचा इतिहास लिहिताना लोक औषधांबद्दल लिहितात, नीतिमत्तेच्या वादांबद्दल लिहितात. मला या बारा आणे-चार आण्यांबद्दल लिहायचं आहे, कारण रुग्णाला दार उघडं मिळालं की बंद, हे बरेचदा तिथेच ठरलं.

आधी इंग्रज सरकारला हा प्रश्न दिसत होता तो फक्त सैन्यापुरता. १८६४, १८६६ आणि १८६९ च्या सांसर्गिक रोग कायद्यांनी छावण्यांच्या आणि बंदरांच्या गावांत पोलिसांना अधिकार दिला, की वेश्या असल्याचा संशय येईल त्या बाईला पकडून तिची तपासणी करवून घ्यावी आणि आजार दिसला तर तिला गुप्तरोग्यांसाठीच्या ‘लॉक हॉस्पिटलात’ डांबावं. तिच्याकडे येणाऱ्या शिपायाची तपासणी कायद्यात नव्हती. जोसेफिन बटलर आणि तिच्या साथीदार बायकांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं रान उठवलं आणि १८८६ मध्ये ते कायदे रद्द झाले. असाच कायदा १८६८ मध्ये हिंदुस्थानातही आला होता. मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला, आणि खर्च कोणी उचलायचा यावरून नगरपालिकेशी बिनसल्यावर दोन वर्षांत गुंडाळावा लागला. १८८० मध्ये तो परत आला आणि १८८८ मध्ये कायमचा गेला. पैसा कुणाचा, हा प्रश्न तेव्हाही होताच.

कायदे गेले ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यांच्या जागी काहीच आलं नाही. गरमी (सिफिलिस) किंवा परमा (गनोरिया) झालेला गरीब माणूस जाणार कुठे? देणग्यांवर चालणारी बरीच रुग्णालयं अशा रुग्णांना खाट देत नसत. आजारपणात मदत देणाऱ्या परस्पर-साहाय्य मंडळ्या आणि विमा संस्था ‘गैरवर्तनाने ओढवलेला आजार’ म्हणून पैसे नाकारू शकत होत्या. उरायचं अनाथ-निराधारांच्या वर्कहाउसातलं आजाऱ्यांचं दालन, नाहीतर वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतला वैदू. आपल्याकडे रेल्वेलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोगांवर हमखास इलाज’ असं रंगवलेलं असतं, त्याच जातीच्या जाहिराती तिथे छापून येत. आणि आजार घरात यायचा तो नवऱ्याबरोबर. बायकोला काय झालं आहे हे तिला सांगितलं जात नसे. पुष्कळदा डॉक्टरही नवऱ्याची अब्रू राखण्यासाठी गप्प बसत. तिचे गर्भ पडत, मूल मेलेलं जन्मे, किंवा जन्मताच त्याच्या डोळ्यांत परम्याचा पू उतरून दृष्टी जाई.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शास्त्राने एक मोठा पल्ला गाठला. १९०५ मध्ये बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना सिफिलिसचा जंतू सापडला. पुढच्याच वर्षी वासरमनची रक्तचाचणी आली. १९१० मध्ये पॉल एर्लिश आणि त्याचा जपानी सहकारी साहाचिरो हाता यांचं साल्वरसान बाजारात आलं. ‘६०६’ या क्रमांकानेच ते ओळखलं जाई. त्यात आर्सेनिक होतं, शिरेतून द्यावं लागे, जपून द्यावं लागे, आणि ते महाग होतं. म्हणजे आजार ओळखता येत होता, बराही करता येत होता, फक्त ज्याला सर्वांत जास्त गरज त्याच्या आवाक्यात काही नव्हतं. १९१३ च्या उन्हाळ्यात नामवंत डॉक्टरांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून सरकारने यात लक्ष घालावं अशी मागणी केली. त्याच वर्षी मताधिकारासाठी लढणाऱ्या क्रिस्टाबेल पँकहर्स्टने या रोगांवर पुस्तकच लिहून पुरुषांना जाब विचारला. सरकारला आयोग नेमावा लागला.

आयोगात खासदार होते, पाद्री होते, आणि बायकाही होत्या. त्यांतल्या मेरी शार्लिब यांचा उल्लेख करायलाच हवा. त्या नवऱ्याबरोबर मद्रासला आल्या होत्या. तिथे डॉक्टरांअभावी बाळंतिणींचे होणारे हाल पाहून त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळवला आणि पुढे लंडनमध्ये स्त्रियांच्या नामवंत डॉक्टर झाल्या. सरकारी आरोग्य खात्याचे प्रमुख डॉक्टर आर्थर न्यूजहोम हेही सभासद होते, आणि शिफारशी पुढे अमलात आणायला हा माणूस फार उपयोगी पडला.

साक्षी चालू असतानाच महायुद्ध सुरू झालं. १९१६ च्या सुरुवातीला अहवाल आला. मोठ्या शहरांत सिफिलिसची लागण झालेल्यांचं प्रमाण, जन्मतः झालेली लागण धरून, लोकसंख्येच्या १० टक्क्यांहून कमी नसावं आणि परम्याचं त्याहूनही बरंच जास्त असावं, असा आयोगाचा अंदाज होता. अंदाज नेमका होता की फुगलेला, हा तज्ज्ञांचा प्रांत. वाचणाऱ्यांना मात्र त्याने हादरवलं. छावण्यांतून सैनिक आजारी पडत होते. सबंध युद्धात ब्रिटिश सैन्यात या रोगांपायी रुग्णालयात दाखल होण्याच्या ४ लाखांहून अधिक नोंदी झाल्या.

आयोगाने सक्ती सुचवली नाही. नावं नोंदवा, धरून आणा, डांबून ठेवा, हा बटलरबाईंनी बंद पाडलेला मार्ग त्यांनी पुन्हा धरला नाही. उपचार सगळ्यांना मोफत, गुपित राखून, आणि माणूस कुठला आहे हे न विचारता, हे त्यांचं सूत्र होतं. खर्चाचा तीन चतुर्थांश भाग केंद्राने उचलावा, हा त्याचाच पुढचा भाग. कारण साधं होतं. लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरणारा खलाशी लिव्हरपूलचा घरपट्टी भरणारा नसतो. त्याच्या उपचारावर आपला पैसा का घालावा, असं तिथला करदाता म्हणणारच. आणि कौन्सिलच्या निवडणुकीत गुप्तरोगाच्या दवाखान्यासाठी मत मागायला कोण उभा राहणार?

सरकारने एरवी न दिसणारी घाई केली. जुलै १९१६ मध्ये नियम निघाले. प्रत्येक काउंटी आणि मोठ्या शहराच्या कौन्सिलला अशी केंद्रं उभारणं बंधनकारक झालं. कुठल्याही डॉक्टरने पाठवलेल्या रक्ताची तपासणी फुकट, आणि अनुभवी डॉक्टरांना साल्वरसानच्या जातीचं औषधही फुकट. मूळ औषध जर्मन होतं, त्यामुळे युद्धात त्याचा पुरवठा आटला. ब्रिटिश कंपन्यांनी ‘खारसिवान’सारखी आपली औषधं काढली. १९१७ च्या कायद्याने, जिथे सरकारी केंद्र सुरू झालं आहे तिथे वैदूंना या रोगांवर पैसे घेऊन उपचार करायला बंदी झाली आणि जाहिरातीही बंद झाल्या. आपल्याकडे तशा जाहिरातींना मनाई करणारा कायदा व्हायला १९५४ साल उजाडलं.

ही केंद्रं बहुधा मोठ्या रुग्णालयांच्या तळघरात किंवा मागच्या अंगाला असत. वेगळं दार, बायका आणि पुरुष यांच्या वेगळ्या वेळा. दारातून आत गेल्यावर हातात एक कार्ड मिळे आणि त्यावर नंबर असे. पुढे हाक त्या नंबरानेच. काम सुटल्यावर येता यावं म्हणून संध्याकाळी उशिरापर्यंत दवाखाना चाले. परम्याच्या रुग्णाला रोज यावं लागे. आडोशात उभं राहायचं, वर टांगलेल्या भांड्यातून रबरी नळीने पोटॅशियम परमँगनेटचं कोमट जांभळं पाणी आत सोडून मूत्रमार्ग धुवायचा. असे कित्येक आठवडे. गरमीच्या रुग्णाला आठवड्याला सुई, वर पारा किंवा बिस्मथ, आणि हे वर्षभर किंवा त्याहून जास्त. चट्टे गेले की लोक यायचे थांबत. अर्धवट सोडून गेलेल्या रुग्णांची चिंता त्या काळच्या डॉक्टरांच्या अहवालांत जागोजागी दिसते. पत्ते कळावेत म्हणून सार्वजनिक मुताऱ्यांत फलक लावले गेले. जाहिरातीची याहून योग्य जागा मला सुचत नाही.

लंडनच्या हिशेबाची गोष्ट तर मला फार आवडते. आसपासच्या काउंट्यांतले लोक कामाला लंडनला येत आणि दवाखान्यातही तिथेच जात, कारण आपल्या गावच्या दवाखान्याच्या दारात कुणी पाहील ही भीती. मग लंडन काउंटी कौन्सिलने शेजारच्या काउंट्यांशी करार करून एकत्र योजना केली आणि कुठल्या भागातून किती रुग्ण आले त्यावर बिलाची वाटणी ठरवली. माणसाचं नाव गुप्त राहिलं, त्याच्या गावाचं बिल मात्र गावाला पोचलं.

सगळं सोज्वळ होतं असं नाही. १९१८ मध्ये, युद्धाच्या अखेरच्या वर्षात, संरक्षण कायद्याखाली ४०-डी नावाचा हुकूम निघाला. गुप्तरोग असलेल्या बाईने सैनिकाशी संबंध ठेवणं गुन्हा ठरलं. सैनिक पुन्हा मोकळाच. बायकांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला आणि युद्ध संपताच तो मागे घेतला गेला. १९२८ मध्ये एडिंबरा शहराने सक्तीच्या उपचाराचं विधेयक संसदेत नेलं, तेही पडलं. दार उघडं ठेवा, माणसं आपण होऊन येतील, या तत्त्वावर इंग्लंड टिकून राहिलं. १९२० नंतर थोड्याच वर्षांत सिफिलिसच्या नव्या रुग्णांची संख्या बरीच उतरली. यात घरी परतलेल्या सैनिकांची लाट ओसरण्याचा वाटा होताच, पण फुकट सुईचाही होता.

मग १९२९ चा स्थानिक स्वराज्य कायदा आला. क्षयरोग, बाळंतपण, गुप्तरोग अशा कामांची टक्केवारीने मिळणारी अनुदानं बंद झाली आणि त्यांच्या जागी कौन्सिलला एकच ठोक रक्कम मिळू लागली. कागदावर यात काही वाईट नाही. गावाला आपली गरज कळते, पैसा कुठे घालायचा ते गाव ठरवील. पण हिशेब करून पाहा. कालपर्यंत कौन्सिलने दवाखान्यावर एक रुपया वाढवला तर तिला स्वतःचे चार आणे पडत. आता तोच रुपया वाढवायचा तर सोळाच्या सोळा आणे गावाचे. कायद्याचं बंधन होतं म्हणून केंद्रं बंद पडली नाहीत, पण नवी खोली बांधायची, आणखी एक नर्स नेमायची, तर त्या पैशाची स्पर्धा आता रस्ते आणि शाळांशी होती. शाळेसाठी भांडायला पालक येतात. या दवाखान्याचे रुग्ण कौन्सिलच्या सभेत उभे राहून ‘आमचा दवाखाना वाढवा’ असं म्हणू शकत नव्हते. नंबराच्या कार्डाने त्यांचं रक्षण केलं, आणि त्याच कार्डाने त्यांचा आवाजही नेला.

गर्भनिरोधनाची वाट वेगळी होती, तिला पैसा फार उशिरा मिळाला. मार्च १९२१ मध्ये मेरी स्टोप्स यांनी उत्तर लंडनच्या हॉलोवे भागात आपलं केंद्र उघडलं. त्याच साली मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. तिथे सरकारचा एक पैसा नव्हता. कर्व्यांनी ते पदरमोड करून चालवलं आणि त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरीही गमावली. इंग्लंडमध्ये जुलै १९३० मध्ये आरोग्य मंत्रालयाने फारसा गाजावाजा न करता एक परिपत्रक काढून कौन्सिलांना मुभा दिली, की पुन्हा गरोदर राहिल्यास जिवाला अपाय होईल अशा विवाहितेला सल्ला द्यायला हरकत नाही. नुसती मुभा होती, बंधन नव्हतं. गुप्तरोगांच्या नियमांत ‘केलंच पाहिजे’ होतं, इथे ‘केलं तर चालेल’. त्यामुळे पुढची चाळीस वर्षं हे काम मुख्यतः देणग्या आणि स्वयंसेविकांच्या बळावर चाललं. १९६७ च्या कायद्याने लग्नाची अट गेली, आणि १९७४ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवेने गर्भनिरोधन सर्वांना फुकट दिलं. फॅमिली प्लॅनिंग असोसिएशनने आपली हजारावर केंद्रं सरकारच्या हवाली केली.

दुसऱ्या महायुद्धात आजार पुन्हा चढला. ऑक्टोबर १९४२ मध्ये सरकारचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी विल्सन जेमसन यांनी रेडिओवर या रोगांची नावं घेऊन भाषण केलं. पुढच्या वर्षी वर्तमानपत्रांत माहितीच्या जाहिराती आल्या, तेव्हा काही संपादकांनी शब्द बदलून घेतले. मग पेनिसिलिन आलं आणि वर्षभराच्या सुयांची जागा काही दिवसांच्या उपचाराने घेतली. जुलै १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा ही केंद्रं कौन्सिलांकडून रुग्णालय मंडळांकडे गेली. बारा आणे-चार आण्यांचा प्रश्नच उरला नाही. सगळे सोळा आणे केंद्राचे झाले. पण पेनिसिलिनमुळे हा विषय संपला असं समजून लोकांचं लक्ष उडालं होतं. इमारती तळघरातच राहिल्या.

त्या तळघरांची किंमत कळली ती एड्सच्या वेळी. जुलै १९८२ मध्ये टेरेन्स हिगिन्स नावाचा तरुण लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वारला. ब्रिटनमध्ये एड्सने गेलेल्या पहिल्या काही जणांत तो होता, आणि त्याच्या मित्रांनी त्याच्या नावाने संस्था काढली. घाबरलेली माणसं कुठे जात होती? जिथे नाव विचारत नाहीत, पत्ता विचारत नाहीत, तिथे. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या नियमांनी देशभर अशा जागा तयार ठेवल्या होत्या. आरोग्यमंत्री नॉर्मन फाउलर यांनी १९८७ मध्ये घरोघरी पत्रकं पाठवली, २ कोटी ३० लाख घरांत. एड्ससाठी वेगळा, दुसरीकडे वळवता न येणारा पैसा दिला गेला. १९८८ च्या मंक्स अहवालाने गुप्तरोग केंद्रांच्या जागांची दुर्दशा मांडली आणि नवी बांधकामं सुरू झाली.

पुढे १९२९ चीच गोष्ट पुन्हा घडली. २००३ मध्ये संसदेच्या आरोग्य समितीने लैंगिक आरोग्य सेवा संकटात असल्याचं सांगितलं. तपासणीसाठी लोकांना आठवडेच्या आठवडे ताटकळावं लागत होतं. २००४ मध्ये सरकारने ३० कोटी पौंड जाहीर केले, पण ते राखीव नव्हते. स्थानिक आरोग्य संस्था तुटीत होत्या आणि बराचसा पैसा त्या तुटी भरण्यात गेला.

१ एप्रिल २०१३ ला चाक पूर्ण फिरलं. २०१२ च्या कायद्याने लैंगिक आजारांची तपासणी, उपचार आणि गर्भनिरोधन ही कामं पुन्हा कौन्सिलांकडे आली. एच.आय.व्ही.चे उपचार राष्ट्रीय सेवेकडे राहिले, गर्भपात तिसऱ्याच संस्थेकडे गेला. एकाच बाईच्या तीन गरजांचे तीन धनी झाले. कौन्सिलांना सार्वजनिक आरोग्यासाठी राखीव अनुदान मिळालं, पहिल्या वर्षी सुमारे २६६ कोटी पौंड. पण राखीव होती ती सगळ्या सार्वजनिक आरोग्याची मिळून एक रक्कम. तिच्या आत लैंगिक आरोग्याला धूम्रपान, व्यसनमुक्ती आणि लहान मुलांच्या सेवांशी झगडावं लागलं. जून २०१५ मध्ये वर्ष चालू असतानाच सरकारने त्यातून २० कोटी कापले, आणि त्यानंतरच्या वर्षांत महागाई धरता हे अनुदान दरडोई सुमारे चतुर्थांशाने घटलं. कायद्याप्रमाणे कुठलाही माणूस कुठल्याही केंद्रात जाऊ शकतो, म्हणून कौन्सिलं एकमेकांना बिलं पाठवू लागली. शंभर वर्षांपूर्वी लंडनने शेजाऱ्यांशी जे मिटवलं होतं, ते आता पुन्हा पत्रापत्रीने मिटवावं लागलं. काही केंद्रं बंद झाली, काहींच्या वेळा घटल्या. काम भागवण्यासाठी टपालाने घरी तपासणीचं किट पाठवण्याची सोय वाढली. लंडनमध्ये ती २०१८ मध्ये सुरू झाली. शहरातल्या तरुणांना ती सोयीची पडते. पण जिची पार्सलं सासू उघडते, तिला अजूनही दारच लागतं.

२०२२ मध्ये इंग्लंडमध्ये परम्याचे ८२,५९२ रुग्ण आढळले. २०२३ मध्ये ८५,२२३. सिफिलिसचे २०२३ मध्ये ९,५१३. १९४८ नंतर तोवर इतके कधीच नव्हते. यात तपासण्या वाढल्याचा भाग आहे, वागण्यातल्या बदलांचाही आहे, सगळं खापर अनुदानावर फोडता येणार नाही. परम्याचा आकडा जाहीर करताना सरकारी संस्थेने लिहिलं, नोंदी सुरू झाल्या त्या १९१८ सालापासूनचा हा सर्वाधिक आकडा आहे. त्या नोंदी १९१८ पासूनच्या आहेत, कारण सिडनहॅमच्या अहवालानंतर उघडलेल्या त्या तळघरांतल्या केंद्रांनी त्याच सुमारास आपले आकडे लंडनला कळवायला सुरुवात केली होती.